हरकत आहे

सुर्वेकाकांना "इथं बसू का?" असं विचारलं की ते म्हणत, "हरकत आहे." आणि सरकून जागा देत. चहा आणू का? हरकत आहे. आणलेला चहा पीत. उभं जग दिवसातून दहा वेळा "काही हरकत नाही" म्हणतं. काकांच्या तोंडून ते आमच्या गल्लीत कुणी ऐकलं नव्हतं.

अंबरनाथच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झाल्यावर त्यांनी ड्युटी लावून घेतली. सकाळी सातला निघायचं आणि झाडांचे बुंधे तपासायचे. झाड तोडायचं तर कायद्यानं त्यावर नोटीस लागते, मुदतीत हरकत घेता येते. दिसली नोटीस की काकांचा अर्ज गेलाच. शेजारच्यांनी शेवग्याची फांदी छाटायला काढली, त्यावरही.

"अहो काका, शेंगा तुम्हालाच देणार होतो!"

"शेंगा द्या. हरकत राहील."

मी तेव्हा कॉलेजात होतो. झाडं वाचवा म्हणून पत्रकं वाटायचो. काकांनी एक पत्रक वाचून परत दिलं. "उद्गारचिन्हं नऊ. तारीख एकही नाही. याला कोण भितो?"

मग वळणावरच्या चिंचेला नोटीस लागली. तिथं बिल्डिंग येणार होती. पत्रकं मी गावभर वाटली; अर्ज मात्र एकट्या काकांनी केला. सुनावणीला मी त्यांच्यासोबत पालिकेत गेलो.

क्लार्कनं पुकारलं, "हरकतदार सौ. कुसुम सुर्वे. हजर?"

मी चमकलो. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती.

"मयत आहे," काका म्हणाले.

क्लार्कनं चष्मा काढला. "काका, मयताची हरकत कशी घेऊ? तुमच्या नावानं द्या. आज शेवटचा दिवस आहे, आत्ता घेतो."

मी पेन त्यांच्यापुढे टेबलावर ठेवलं. काकांनी हात मागे घेतला.

"काका, झाड जाईल! सही करायला काय जातं तुमचं?" मी सगळ्यांसमोर ओरडलो.

काका टेबलाकडे बघत बोलले. "आमच्या दारात जांभूळ होतं. मुलाच्या लग्नासाठी खोली वाढवायची, म्हणून तोडायचा अर्ज मी केला. घर कुसुमच्या नावावर, तिची संमती लागायची. ती देईना. मग मीच लिहिलं, 'माझी काही हरकत नाही.' खाली तिची सही मारली."

क्लार्क लिहायचा थांबला.

"खोली झाली. मुलगा पुण्याला गेला. कुसुम त्या खोलीत कधी बसली नाही. भांडलीही नाही रे. काहीही विचारलं की एवढंच म्हणायची, 'काही हरकत नाही.' जेवायला वाढू का, दवाखान्यात जायचं का... शेवटपर्यंत तेच." त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. "तिची हरकत नोंदवायची राहिली होती. माझं नाव कशाला? ते इथल्या फायलीत आहे. तोडणाऱ्यांत."

अर्ज मी माझ्या नावानं लिहिला. काकांनी मजकूर सांगितला, तारीख घालायला लावली. एकही उद्गारचिन्ह पडलं नाही. चिंच त्या वेळी वाचली.

जिना उतरताना मी म्हटलं, "काका, मघाशी ओरडलो. चुकलं माझं."

ते नेहमीचं उत्तर देतील म्हणून मी थांबलो. काकूंच्या नावाचा परत मिळालेला अर्ज त्यांनी चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवला. "हरकत आहे" ते म्हणाले नाहीत. "काही हरकत नाही" असंही म्हणाले नाहीत.