बिशपाच्या टोपीचं माप

पेपरात बिशपाचा फोटो आला की आमचे पास्कूमास्तर आधी भिंग शोधतात. चेहरा बघतच नाहीत, झग्याचा काठ बघतात. "हा बघ, डावीकडे अर्धा इंच लोंबतोय. एवढा मोठा धर्मगुरू, आणि शिंपी मिळाला नाय?"

मास्तर आता नव्वदीला टेकलेत. रत्नागिरीत आठवडा बाजाराच्या मागे त्यांचं दुकान होतं. शिवायचे शाळेचे गणवेश, परकर, खलाशांच्या विजारी. पण जीव अडकलेला बिशपाच्या कपड्यांत. हल्ली नवरात्रात बायका "आज कुठला रंग?" म्हणून एकमेकींना फोन करतात. मास्तरांकडे हे बारा महिने होतं. धर्मगुरूंचा झगा साध्या रविवारी हिरवा, उपासाच्या दिवसांत जांभळा, हुतात्म्यांच्या दिवशी लाल. गुलाबी मात्र वर्षातून दोनच दिवस. आणि माझ्याकडे नेमकी एकच बरी साडी, ती गुलाबी. मी दिसले की म्हणायचे, "गो बाय, आज सण कुठला?"

एकोणिसाव्या वर्षी मी त्यांच्याकडे काज-बटणाला लागले. हातात कसब बेताचं, तोरा मात्र मामलेदारणीचा. मास्तरांचा एकच शब्द ठरलेला : "उसव!" हूक लावला, उसव. काठ दुमडला, उसव. एकदा मी डब्यातून घावणे नेले, तर एक तुकडा उजेडात धरून म्हणाले, "जाळी बरी पडलीय. उसवायला नको."

त्यांची आयुष्यात एकच इच्छा होती. आपल्या हातची टोपी एकदा तरी बिशपानं डोक्यावर घालावी. ती उंच, दोन टोकांची असते ना, ती. मी टोपी म्हटलं की दुखावायचे. "टोपी नाय गो. मायटर."

आणि एका वर्षी खरंच बातमी आली. आमच्या एवढ्याशा चर्चमध्ये मुलांच्या दृढीकरणाच्या विधीला बिशप येणार! फादरनी बिशपांच्या डोक्याचं माप सुतळीला गाठ मारून आणून दिलं. मास्तर दोन महिने त्या टोपीवर बसले. आत पुठ्ठा, वर पांढरं रेशीम, समोर जरीचा क्रूस. गणवेशाचे आईबाप दारात भांडत उभे, आणि हे एक-एक टाका घालतायत.

आदल्या दिवशी संध्याकाळी चर्चमधल्या कापडांना इस्त्री करायला त्यांना जावं लागलं. जाताना म्हणाले, "ह्या दोन पट्ट्या तेवढ्या राहिल्यात. लाव आणि पेटीत भर. आणि बाय, टाका सरळ." टोकाला सोनेरी झालर असलेल्या, वीतभर लांब पट्ट्या. कुठे लावायच्या, हे विचारायचं राहिलं. धावत जाऊन विचारता आलं असतं, पण मला कमीपणा वाटला. मी शोभतील तिथे लावल्या. इतका सरळ टाका मी त्याआधी घातला नव्हता, आणि खरं सांगते, त्यानंतरही नाही. पेटीला फीत बांधली, वर फुलाची गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी गुलाबी साडी नेसून मी चर्चच्या दाराशी हजर. बिशप बाहेर आले ते आपली जुनी, पिवळी पडलेली टोपी घालून. मागून मास्तर, काखेत पेटी.

"काय झालं, मास्तर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माप चुकलं माझं. डोकं मोठं निघालं."

"आणि माझ्या पट्ट्या?"

"टाका सरळ होता गो."

झालं! मी अख्ख्या आळीत दवंडी पिटली. मास्तरांचं माप चुकलं, माझा टाका पास! गिऱ्हाइकं दारातूनच ओरडायला लागली, "मास्तर, डोकं नीट मोजा हां!" मास्तर त्यांच्याबरोबर हसायचे. माझ्या लग्नात मात्र एकटेच हसले. अक्षता पडत होत्या, नवऱ्यामुलाला मुंडावळ्या बांधलेल्या, आणि हे पहिल्या रांगेत डोळे पुसून पुसून हसतायत. शेवटी उठून बाहेर गेले. मी आठवडाभर बोलले नाही त्यांच्याशी.

याला पन्नास वर्षं झाली. परवा नातीनं मोबाइलवर नव्या बिशपांचा व्हिडिओ दाखवला. रविवारी ते आमच्या चर्चमध्ये यायचेत. चालता चालता ते वळले आणि पाठमोरे झाले. टोपीच्या दोन्ही पट्ट्या मागे, मानेवर रुळत होत्या.

मागे!

मी ब्लेड, सुई-दोरा आणि चष्मा घेतला आणि मास्तरांचं घर गाठलं. त्यांना न विचारता स्टुलावर चढले, कपाटावरची पेटी काढली. फीत अजून माझीच होती. आत डांबरगोळ्यांचा वास, जरीचा क्रूस, आणि क्रूसाच्या दोन बाजूंनी कपाळावरून खाली सोडलेल्या माझ्या पट्ट्या. अगदी मुंडावळ्या!

"मास्तर, ह्या मागे असतात."

"असतात."

"मग माप?"

"माझं माप कधी चुकलंय गो?"

"आणि अख्ख्या गावाला मी..."

"तुला हसले असते लोक. एकोणीस वर्षांची पोर तू." मग गालातल्या गालात हसले. "पण लग्नात तुझा नवरा बघितला, आणि मला तिथे बिशपच दिसले!"

"मग नंतर तरी उसवायच्या होत्या. पन्नास वर्षं होती की."

मास्तरांना आता नीट दिसत नाही. त्यांनी टाक्यावरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "बसलो होतो एकदोनदा ब्लेड घेऊन. हात नाय झाला. ह्या घरात दुसऱ्या कुणाच्या हातचं काहीच नाय."

मी नाक पुसलं. ब्लेड पुढे केलं. "रविवारी बिशप येतायत, मास्तर. दहा मिनिटांचं काम आहे. उसवू?"

जन्मभर जिभेवर असलेला शब्द, पण त्यांनी काढला नाही. टोपी माझ्या हातून घेतली, पेटीत ठेवली, झाकण लावलं.

"राहू दे. त्यांच्याकडे त्यांची असते."

मग डोळे बारीक करून माझ्या साडीकडे बघत म्हणाले, "गुलाबी ना ही? आज सण कुठला गो बाय?"