आधी आई दाखवा

नरहरराव आई पाहिल्याशिवाय रोप घेत नाहीत. पेरूला आम्ही हैदराबादवाले जाम म्हणतो. तर जामाचं कलम घ्यायला तारनाक्याच्या नर्सरीत गेले की पहिला सवाल, "इसकी अम्मा किधर है? पैले अम्मा कू दिखाव." ज्या झाडावरून कलम काढलं ते झाड बघणार, साल खरवडणार, पान चघळणार, वर एक फळ फुकट खाणार. नर्सरीवाला एकदा वैतागला. "साब, तुमना जाम होना की बहू होना?"

"बहू मायके चली जाती," नरहरराव म्हणाले. "झाड किधर जाता?"

हे माझे शेजारी. रेल्वेतून रिटायर झालेले. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "मुलीची आई पाहिली भाऊ, उलट्या पावली आलो."

माझ्या बायकोनं, शांतानं मात्र अंगणात बीचं झाड लावलं. खाल्लेल्या फळाची बी, दिली पुरून. नरहररावांनी कपाळाला हात लावला. "वहिनी, बीचं झाड म्हणजे लॉटरी." निघालं लाल गराचं, साखरेसारखं. मग दरवर्षी शांता जामाची कोशिंबीर करायची आणि लग्नातल्या, तिचं नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यातून भिंतीवरून द्यायची. "घ्या, लॉटरी लागली."

"बरी आहे," नरहरराव एवढंच म्हणायचे. डबा चाटूनपुसून ठेवायचे.

गेल्या उन्हाळ्यात शांता गेली. मी शिकलेला माणूस नाही, त्यावर जास्त लिहिता येत नाही. झाडाखाली खुर्ची टाकून बसायचो, एवढंच. तिचं म्हणून तेच उरलं होतं.

तिथंच बसलो होतो, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, गाडीला जागा नाही. दसऱ्याच्या आत हे झाड काढू." घर त्याच्या पगारावर चालतं. मी हो म्हणालो. भिंतीपलीकडं नरहररावांचं खुरपं थांबलेलं ऐकलं मी.

पावसाळ्यात ते या वयात भिंतीवर चढले. झाडाच्या एका फांदीची गोल साल काढली, ओलं शेवाळ लावलं, वर प्लास्टिक गुंडाळलं.

"अहो, मरणाऱ्याला पट्टी कशाला?" मी ओरडलो.

"खरचटलंय तिला," म्हणाले.

झाड पाडायच्या आदल्या दिवशी तीच फांदी करवतीनं कापून घेऊन गेले. मढ्याच्या अंगावरचा दागिना काढून न्यावा, तसं वाटलं मला. त्यांच्याशी बोलणं टाकलं.

झाड गेलं. गाडी आली. खुर्ची कुठं टाकायची ते मला कळेना.

संक्रांतीच्या सुमाराला नरहरराव दारात. हातात स्टीलचा डबा, डब्यात माती, मातीत वीतभर रोप. चार कोवळी पानं.

"वहिनींचा डबा राहिला होता माझ्याकडं," म्हणाले. "रिकामा कसा परत करायचा? मला तर काही रांधता येत नाही. त्या पट्टीत फांदीला मुळं फुटली होती, तीच लावून आणलीय."

माझा राग अजून गेला नव्हता. म्हणालो, "नरहरराव, आधी आई दाखवा."

ते हसले नाहीत. डबा हळू फिरवून कोरलेलं नाव माझ्यासमोर आणलं. अक्षरांत माती भरली होती, ती मी बोटानं पुसली.

"मागं न्हाणीपाशी लावू," नरहरराव खाली बघत म्हणाले. "तिथं गाडी जात नाही."