अंगठ्याची हजेरी

घड्याळकाकांचा अंगठा सकाळी सव्वानऊला अडकला आणि साडेनऊ वाजले तरी निघेना. खरा अंगठा नव्हे हो, जादूचा! पोकळ, प्लास्टिकचा, कातडीच्या रंगाचा. खऱ्या अंगठ्यावर टोपीसारखा चढवायचा, रुमाल त्यात कोंबायचा, आणि बघणाऱ्याला वाटतं रुमाल गडप. संध्याकाळी लेकीचा नववा वाढदिवस होता आणि 'माझा बाबा जादू करतो' असं तिने अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं. बाबाला जादूतलं ओ की ठो कळत नव्हतं. दुकानदाराने दिलेली चार पानी पुस्तिका वाचून तो बिचारा आठवडाभर आरशासमोर रुमाल कोंबत होता. पुस्तिकेतला पहिला नियम असा, की गुपित फोडायचं नसतं.

"अहो, जोरात ओढा ना!" बायको म्हणाली.

"ओढतोय! आता खरा हातात येईल."

साबण झाला, तेल झालं. शेवटी काका तसेच ऑफिसला पळाले. अठरा वर्षांत त्यांना एकदा उशीर नाही, एक खाडा नाही. लोक त्यांच्या येण्यावर घड्याळं लावत, म्हणून तर ते घड्याळकाका. त्यापायी लेकीच्या शाळेतला एकही कार्यक्रम त्यांनी पाहिला नव्हता आणि हल्ली ती विचारायचीही बंद झाली होती.

ऑफिसच्या दारात हजेरीचं मशीन होतं. उजवा अंगठा टेकवला की ते 'धन्यवाद' म्हणे. त्या दिवशी म्हणालं, 'पुन्हा प्रयत्न करा.' काकांनी तीनदा प्रयत्न केला. मागे रांग लागली, तशा हजेरीवाल्या बाई उठून आल्या.

"बाई, मी सही करतो ना."

"सही नाही चालत. अंगठाच लागतो."

"अहो, शिकलेला माणूस आहे मी!"

"असाल. अंगठा टेकवा."

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं सरळ. कसं सांगणार? मागेच बातमीदार उभा होता. हा काकांच्या शेजारच्या टेबलावरचा कारकून. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे आणि त्याचा मुलगा लेकीच्याच वर्गात.

"वय झालं की रेषा पुसतात," बाई म्हणाल्या. "थांबा, जुना अंगठा काढून नवा नोंदवते."

आणि नोंदवला की! अंगठा खरा वाटावा म्हणून कारखान्यातल्या कुणा हौशी माणसाने त्यावर बारीक रेषाही कोरल्या होत्या. मशीन म्हणालं, 'धन्यवाद.'

सकाळचं तेल संध्याकाळी मुरलं आणि अंगठा सुटला. पोरांसमोर रुमाल असा काही गडप झाला की बातमीदाराच्या मुलाचा केक हातातच राहिला. पाहुणे गेल्यावर लेकीने पिच्छाच पुरवला, तेव्हा काकांनी तिला गुपित सांगितलं.

"पोटात ठेव हं."

"ठेवते."

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःचा अंगठा टेकवला. 'पुन्हा प्रयत्न करा.'

"बाई, परत एकदा नवा नोंदवता?"

"वर्षातून एकदाच बदलता येतो, काका. नियम आहे."

नशीब, प्लास्टिकचा खिशात होता. काकांनी भिंतीकडे तोंड करून तो चढवला आणि मशीनने त्याचे आभार मानले. पुढे रोज तेच. नोकरीत कायम होता तो प्लास्टिकचा अंगठा; काका नुसते त्याला पोचवायला येत.

महिनाभराने, एका गुरुवारी, लेक म्हणाली, "बाबा, उद्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी रुमालाची जादू करणार आहे."

"अरे वा!"

"तू तर येणार नाहीसच. निदान तुझा अंगठा तरी दे."

काकांना फार लागलं ते. अठरा वर्षांचा हिशोब त्यांनी मनात दोनदा केला, बायकोकडे पाहिलं, आणि अंगठा काढून लेकीच्या हातावर ठेवला.

शुक्रवारी ते वेळेवर हजर. खरा अंगठा टेकवला. 'पुन्हा प्रयत्न करा.'

"काका, तुम्ही आज गैरहजर," बाई म्हणाल्या.

"बाई, मी तुमच्यासमोर उभा आहे!"

"मला दिसताय हो. मशीनला दिसत नाही ना. दिवसभर बसलात तरी खाडाच लागणार."

काकांनी एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा बाईंकडे.

"म्हणजे मी आलेलोच नाही?"

"नाही."

"मग मी इथे काय करतोय?"

त्यांनी बॅग उचलली आणि चालू लागले. ते फाटकापर्यंत पोचायच्या आत बातमीदाराने ही बातमी तिन्ही मजल्यांवर पोचवली होती.

शाळेच्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती, तिथे काका टेकले. लेक स्टेजवर आली. तिच्या इवल्याशा अंगठ्यावर तो प्लास्टिकचा ढिला होऊन डुगडुगत होता. काकांचा जीव टांगणीला लागला. तिने रुमाल कोंबला, समोर पाहिलं, बाबा दिसला, आणि क्षणभर ती सगळं विसरली. मग तिने झोकात मूठ उघडली. रुमाल नाही! सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या, आणि काकांच्या टाळ्या सगळ्यात शेवटी थांबल्या.

कार्यक्रम संपताच ती धावत आली. "बाबा! तू कसा आलास? ऑफिस?"

काकांनी आपला खरा अंगठा तिच्यासमोर नाचवला.

"गुपित फोडायचं नसतं," ते म्हणाले.