मलकापूरच्या अत्तरवाल्यांनीं केवडा व हिना यांस वश केलें त्याची हकिकत

वाचणारांस आयुष्य आणि ऐकणारांस सबुरी असो. मलकापूर मुक्कामीं, वैशाख मासीं, उन्हानें रस्त्याचें डांबर पातळ जाहलें असतां, जी थोर मोहीम घडली आणि जी पाहोन गल्लींतील कुत्रींही भुंकणें विसरलीं, तिचा मजकूर येणेंप्रमाणें. मागें राजे गड घेत, मुलूख मारीत. त्यांत काय मोठेंसें? तोफ असली म्हणजे गड कोणीही घेतो. येथें दोन टीचभर जनावरें तळहातावर आणावयाचीं होतीं, आणि तोफ नव्हती.

राजश्री प्रसेनजितराव, सुगंधाचे सुभेदार, स्टेशन रस्त्यावर अत्तर, अगरबत्ती आणि पावडर यांचें दुकान बाळगोन सुखें नांदत होते. एके दिवशीं मोबाइलावर कोणा परमुलखीच्या गृहस्थाच्या खिशांतून शुगर ग्लायडर नामें जनावर डोकावतांना पाहिलें, आणि सरकार तेथेंच घायाळ जाहले. जनावर खारीएवढें, डोळे बटणासारखे, पुढल्या पायापासोन मागल्या पायापर्यंत कातडीची झालर. ती पसरोन कपाटावरून पडद्यावर हवेंत तरंगत जातें. आपल्याही खिशांतून ऐसें कांहीं डोकवावें, हें मनीं धरोन त्यांनीं रीतसर नोंद करोन जोडी आणविली, आणि नराचें नांव केवडा, मादीचें हिना ठेविलें, आणि पिंजरा कूलरच्या वाऱ्यापुढें मांडिला, आणि मग हात आंत घालोन "या" ऐसा हुकूम फर्माविला. केवड्यानें गंजलें शटर ओढावें तैसा आवाज काढोन उत्तर दिलें, आणि हिनानें बोट फोडिलें. पहिल्या सलामीसच सरकारचें रक्त सांडलें.

मग मोठी बरदास्त सुरू जाहली. पपई सोलोन, अंडें उकडोन, त्यावर कॅल्शियमची भुकटी पेरोन नजर करावी, आणि ती रसद पिंजऱ्याबाहेर उधळलेली गोळा करावी, हा नित्यक्रम पडला. जनावर दिवसा निजे आणि रात्रीं भुंके. जिवंत आळ्यांची डबी कुरिअरनें आली, ती सरकारांनीं थंड ठेवावयाची म्हणोन फ्रिजांत कोथिंबिरीशेजारीं दडविली. आणि जोडी पिंजऱ्याबाहेर असतां छताचा पंखा बंद ठेवावा लागे, न जाणो उडतां उडतां पात्यांत सांपडतील. वैशाखांत, मलकापुरांत, पंखा बंद! ऐसा जुलूम कोण्या परचक्रानेंही केला नव्हता.

घरची खरी कुलमुखत्यारी सरकारांचें कुटुंब मंजुश्रीबाई यांजकडे. त्यांनीं भुंकणें सोसलें, पंखाही सोसला; परंतु कोथिंबीर काढावयास गेल्या असतां ती डबी हातीं लागली, आणि मग फर्मान सुटलें.

"पौर्णिमेले माह्या माहेरचे रोहिणखेडहून येऊन राह्यले. तवापर्यंत हे तुमच्या हातावर आले त ठेवा. नाही त ज्यानं देल्ले त्याले वापस. घरात मानसाले हवा नाही, अन् यायले उकडलेलं अंडं!"

दिवसा हिना केवड्याच्या पोटाशीं गोळा होवोन निजे, तेव्हां तिचें इवलें नाक हलतांना पाहात सरकार जेवण विसरत. जोडी परत द्यावी, हें मनांत आणितांच डोळे भरोन आले, आणि तें कोणास कळों नये म्हणोन त्यांनीं स्वखुषीनें कांदे चिरावयास घेतले. लग्नानंतर प्रथमच घेतले, म्हणोन सर्वांस कळलें.

आतां शेवटची मसलत. मोबाइलावरील पंडितांनीं सांगितलें होतें कीं, जोडीस कापडी थैलींत घालोन दिवसभर छातीशीं बाळगावें, म्हणजे मालकाचा वास ओळखीचा होतो. सरकारांनीं थैली गळ्यांत घातली. परंतु अत्तरवाल्यानें कोणासमोर कोरड्या अंगानें जावें, ही मोठी बेअदबी! सबब रोज साबणानें स्नान करोन, एके दिवशीं मोगरा, दुसरे दिवशीं वाळा, मग गुलाब, ऐसें नवें अत्तर चोपडोन मगच थैली बांधीत. आणि थैलींतून रोज नवा चावा येई. सरकार म्हणत, जात हट्टी आहे, याहून उंची माल लाविला पाहिजे.

ऐशांत नळानें दर्शन देणें सोडिलें. पौर्णिमा आठवड्यावर आलेली, आणि घरांत पिण्यापुरतें पाणी. टँकर येईल या आशेवर सरकारांनीं दुकान बंद ठेविलें, आणि आंघोळ नाहीं, अत्तर नाहीं, ऐसे बनियनवर दिवसभर वाट पाहिली. आणि टँकर येतांच गल्लींत बादल्यांची जी रणधुमाळी माजली तींत खासा उतरले, आणि जिना चढोन उतरोन घामानें निथळले. दिवेलागणीस त्याच अवतारांत त्यांनीं पिंजऱ्यांत पाणी ठेवावयास हात घातला. केवडा पुढें आला. हुंगिलें. आणि मनगटावरून दंडावर, दंडावरून काखेंत, तेथून बनियनच्या आंत शिरोन स्वस्थ बसला. मागोमाग हिना आली. सरकार पुतळ्यासारखे उभे. श्वासही घेईनात.

ऐसी फत्ते जाहल्यावर शहाणा सेनापती मुक्काम करितो. प्रसेनजितरावांनीं जोडी पिंजऱ्यांत ठेवोन आनंदोत्सव मांडिला. टँकरच्या पाण्यांतील भरली बादली अंगावर ओतोन, दुकानांतील सर्वांत उंची ऊद कानामागें, गळ्यास, मिशीस लावोन ते पुन्हां दरबारीं हजर जाहले. हिनानें नाकास कडकडोन चावा घेतला.

तेव्हां, नाक धरोन खालीं बसले असतां, सरकारांस उमज पडला. त्या बिचाऱ्यांच्या हिशेबीं रोज नवा गनीम गळ्यांत थैली घालोन येत होता. मोगऱ्याशीं जरा ओळख होते न होते तों गुलाब चालोन येई. ज्या मालावर घर चाललें, त्याच मालानें घात केला.

मग सरकारांनीं जो त्याग केला, त्यास इतिहासांत जोड नाहीं. अत्तर सोडिलें. साबण सोडिला. तेंच बनियन. दुकानीं गिऱ्हाईक येई, वाकोन वास घेई, आणि चार पावलें मागें सरोन अगरबत्ती मागे. मंजुश्रीबाईंनीं आपलें अंथरूण गच्चीवर नेलें.

पौर्णिमा उगवली. पाहुणे आले. सरकारांनीं नुसत्या पाण्यानें स्नान करोन, पांढऱ्या शुभ्र सदऱ्याखालीं तेंच पुरातन बनियन चढविलें. बुद्धवंदना जाहली, खीर जाहली, आणि दिवेलागणीस पंखा बंद करोन पिंजरा खुला केला. मेहुणे नागसेनराव खुर्चीवर पाय घेवोन बसले.

"दाजी, हे चावते काय?"

"वासाचं तेल लावलं अशीन त चावते," सरकार बोलले. नागसेनरावांनीं तात्काळ डोक्यावर रुमाल घेतला.

केवडा थेट सरकारांच्या खिशांत आला. हिना मात्र पडद्याच्या दांडीवर चढोन बसली आणि हलेना. मंजुश्रीबाईंनीं जोडी परत धाडावयाची टोपली दाराशीं आणोन ठेविली होती. सरकारांनीं हात पसरिला, परंतु या खेपेस "या" ऐसा हुकूम सोडिला नाहीं. मग झालर पसरली, आणि हिना खिरीच्या पातेल्यावरून तरंगत येवोन सरकारांच्या छातीवर उतरली, आणि केवड्याशेजारीं खिशांत शिरोन, तोंड बाहेर काढोन सर्वांस पाहूं लागली.

सर्वांनीं टाळ्या पिटिल्या. मंजुश्रीबाई टोपली उचलोन आंत घेवोन गेल्या, आणि परत येवोन, सरकारांच्या जवळ, पुष्कळ दिवसांनीं इतक्या जवळ, उभ्या राहिल्या. नाकास पदर न लावितां बोलल्या,

"या मुक्या जनावरायचं काही चुकलं नाही. लग्न झाल्यापासून माह्याही घरात रोज नवा मानूस येऊन राह्यला होता. आज समजलं, आपला कोनता हाये ते."

सरकार खिशावर हात ठेवोन उभे राहिले.

येणेंप्रमाणें मलकापूरची फत्ते जाहली, जोडी घरीं राहिली, पंखा पुन्हां सुरू जाहला आणि मंजुश्रीबाईंचें अंथरूण गच्चीवरून खालीं आलें. बाईंच्या त्या बोलण्यास साजेसा भारदस्त शब्द आमच्या दफ्तरीं पुष्कळ शोधिला. सांपडला नाहीं, म्हणोन त्या बोलल्या तैसेंच येथें नमूद केलें असे.