आधी रयत, मग सरकार

आमच्या चाकणच्या कंपनीत जेवणाची सुट्टी झाली, की सगळे ताटं घेऊन कॅन्टीनच्या रांगेत घुसतात. एकटे सरकार भिंतीला टेकून उभे असतात. "आधी रयत जेवू द्या. आम्ही मागून." त्यांचा नंबर लागेपर्यंत भात संपलेला असतो. मग राजे उरलेल्या आमटीत चपाती बुडवून खातात.

कागदोपत्री ते दत्तात्रय, ग्राइंडिंग मशीनचे ऑपरेटर. स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे मात्र एका संस्थानचे हरवलेले युवराज. कुठलं संस्थान, म्हणून विचारलं की आवाज खाली जातो. "नाव फुटलं तर गादीला धोका आहे, राव!" खंडेनवमीला मशीनची पूजा असते, तेव्हा हे फेटा बांधून येतात, पाने-हातोड्या लाल कापडावर मांडतात आणि त्याला शस्त्रागार म्हणतात. मला त्यांनी दिवाणजी नेमलंय. पगार नाही, पण त्यांना कुणी हसलं की मला राग येतो. म्हणजे नोकरी लागलीच म्हणायची.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीला, वैशालीला, पाहायला पाहुणे आले. चिखलीतल्या दोन खोल्यांच्या घरात दिवाणजीही हजर. मुलगा तिच्याच ऑफिसातला, दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं. अडलं होतं ते मुलाच्या वडिलांच्या होकारावर. चाकणजवळच्या गावातले जुने शेतकरी ते. वैशालीने पोहे आणले.

"आधी तुम्ही घ्या," सरकार म्हणाले.

म्हाताऱ्यांनी बशीला हात लावला नाही. "आदी कूळ कळू द्या. राजघराण्यातलं म्हनं तुमी. कंचं संस्थान?"

आतला वहिनींच्या कपबश्यांचा आवाज थांबला. वैशाली रिकामा ट्रे घेऊन तशीच उभी. आता हे पुन्हा गादीचा धोका काढणार आणि पोरीचं ठरत आलेलं लग्न मोडणार! मला त्यांचा भयंकर राग आला.

सरकारांनी चष्मा काढला.

"संस्थान नाही. मला कुणीतरी अनाथाश्रमाच्या पायरीवर ठेवून गेलं. आईबाप ठाऊक नाहीत. तिथं मोठी पोरं आधी जेवायची, आम्हा बारक्यांना पातेल्याचा तळ. तेव्हाच ठरवलं, बाप निवडायचाच आहे तर राजा निवडू. कुणाचा चोरला नाही. खोटा होता, पण लेकीला त्याच्याच तोऱ्यात वाढवलंय. तिला कमी लेखणार असाल तर चहालाही थांबू नका. उठा."

कुणी उठलं नाही. वैशाली वडिलांच्या खुर्चीजवळ जाऊन उभी राहिली, मान ताठ. ती अगदी राजकन्या दिसत होती, हे मी दिवाणजी म्हणून नाही, खरंच सांगतोय.

 म्हाताऱ्यांनी आपली बशी उचलून सरकारांच्या हातात दिली.

"आदी तुमी खावा, सरकार. मंग आमी."

सरकारांनी चष्मा न लावताच चमचा उचलला, अर्धे पोहे मांडीवर सांडले. बारा वर्षांच्या ओळखीत त्यांना पहिला घास घेताना मी प्रथमच पाहिलं.