गोदावयनीचं नाक

बाकीच्या बायकांच्या कनवटीला तंबाखूची डबी असायची, आमच्या गोदावयनीच्या कनवटीला दालचिनीची काडी. भात लावताना, मासळी निवडताना, मयताच्या घरी बसलेली असतानासुद्धा ती काडी काढायची, डोळे मिटून हुंगायची आणि परत खोचायची. कोणी विचारलं की म्हणायची, "नाक शाबूत ठेवायला लागतं, बाय."

ही माझी चुलत जाऊ. गोष्ट पन्नास-साठ सालांमधली, बेलापूर गावातली. आता जिथे सरकारी कचेऱ्या आहेत तिथे तेव्हा भातखाचरं होती आणि पलीकडे खाडी. नवी मुंबई हे नाव कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे सासरी आल्या आल्या स्वतःला शहाणी समजत होते. गोदावयनी मला पहिल्या दिवसापासून वेडी वाटली. तसं तिला तोंडावर सांगितलंही. ती म्हणाली, "बरं झालं बारके, लवकर कळलं तुला."

तिचं नाक मात्र खरंच तिखट होतं. आपल्या ओटीवर बसून आमच्या घरातलं सांगायची, "तुज्या सासूनं खोबरं करपवलंय बघ." सासू आतून ओरडायची, "तुज्या नाकाला लागो आग!" आणि खोबरं करपलेलंच असायचं.

या नाकामागे होती एक कुंडी. गोदावयनीचा नवरा धर्मा बोटीवर खलाशी होता, आणि एक नंबरचा थापाड्या. लंडनचं म्हणून घड्याळ आणलं, तर त्याच्या पाठीवर मुंबईच्या दुकानाची चिठ्ठी तशीच. अस्सल रेशमाचं म्हणून लुगडं आणलं, पहिल्याच धुण्यात अख्खी बादली लाल. शेवटच्या खेपेला त्याने कुठल्याशा दूरच्या बंदरातून एक ऑर्किड आणलं. नाव लायकास्ट. मातीच्या वर बसलेले हिरवे कांदे, त्यांच्या टोकाला सुईसारखे काटे, आणि पावसाळ्यात मोठाली, चुण्या पाडल्यासारखी पानं.

ओटीवर सगळ्यांसमोर त्याने सांगितलं, "तिथं दोन जाती व्हत्या. दोनी पिवळ्या. फूल येईस्तवर कोनाला वळखता येत नाय. येकीला दालचिनीचा वास, दुसरी नुसतीच. वासाची महाग, तीच आनली हिच्यासाठी. थंडीत पानं गळली का पानी बंद करायचं, होळीपर्यंत. मंग फुलंल."

सगळे हसले. गोदावयनीने दुसऱ्या दिवशी वाण्याकडून दालचिनीची काडी आणली.

धर्मा बोटीवर गेला तो पुन्हा आला नाही. सुरुवातीला खुशाली कळायची, मग तीही बंद झाली. कोणी म्हणे बोट बुडाली. गोदीत कामाला जाणारे म्हणत, त्याने आफ्रिकेत, मोंबासात दुसरं घर केलंय. गोदावयनी रोज ठसठशीत कुंकू लावायची आणि दालचिनी हुंगायची. फूल आलं की नवऱ्याची ती एक गोष्ट खरी होती की तीही थापच, ते कळणार होतं. माझ्या नवऱ्याने तर विडीच्या कट्ट्याची पैज लावली होती, थापेच्या बाजूने.

एका श्रावणात माझ्या सासूने हळदीचं पान समजून लायकास्टचं पान तोडलं आणि त्यात पातोळी उकडली. गोदावयनी धावत आली. आता महाभारत होणार असं मला वाटलं. तिने गरम पातोळी नाकाशी धरली, बराच वेळ हुंगली. "नुसता गूळ," म्हणाली, आणि खाऊन गेली.

पण कुंडी काही फुलेना. कारण आंधळ्यालाही दिसत होतं. मार्गशीर्षात पानं गळून ते झाड मेल्यासारखं दिसायला लागलं, की नेमकं तेव्हा ही त्याला रोज तांब्याभर पाणी घालायची. एखादा कांदा कुजायचा. तो काढून टाकायची, पण पाणी चालूच.

"अगं, भावोजींनी काय सांगितलं होतं?" मी म्हणायचे.

"तानेलं ठेवू? मुकं झाड हाय."

"मग फुलणार कसं ते?"

"तू चवथी शिकलेली ना? तू सांग."

मी तिला अडाणी म्हणायचे. ती हसायची आणि तांब्या पालथा करायची.

मग एका थंडीत ती तापाने अंथरुणाला खिळली. मी पेज नेऊन द्यायचे. कुंडीकडे कोणी बघितलं नाही. होळीनंतर एका सकाळी तिने मला परसात हाक मारली. बोडक्या कांद्याच्या बुडाशी एक फूल उभं होतं, पिवळंधमक, मेणाने केल्यासारखं. आणि गोदावयनी परसाच्या दुसऱ्या टोकाला, नाकावर पदर दाबून, पाठ करून उभी.

"बघितलंस मेले? पाणी तोडलं आणि फुललं! इतकी वर्षं सांगत होते."

"ठाव हाय मला," ती पदरातून म्हणाली. "म्हनूनच घालत व्हते."

मला काही समजेना.

"वास नसंल तर मानूस लबाड. खुशाल मोंबासात बसलाय, जिता हाय. वास असंल तर खरं बोलला. मंग येतो म्हनून गेलेला घरी का नाय आला? मंग तो बुडालाच ना, बारके?"

मी तोपर्यंत फुलावर वाकले होते. दालचिनीचा वास होता. गोड, ऊबदार, नुकत्या मोडलेल्या काडीसारखा. लबाड मेला तेवढं एक खरं बोलून गेला होता.

"काय गं?" तिने विचारलं. पाठ तशीच.

उभ्या गावाच्या तोंडावर खरं बोलणारी मी. म्हटलं, "माझं नाक चोंदलंय. काय कळत नाय."

"तुजं नाक कवा शाबूत व्हतं!" ती हसली. मग पदर न सोडता आली आणि फुलावर मासळीची पाटी उपडी घातली. वरून तांब्याभर पाणी ओतलं. गावाला फूल आल्याचं कळलंच नाही. पैजा तशाच राहिल्या.

पुष्कळ वर्षांनी गोदावयनी गेली, सवाष्ण म्हणूनच. तिला शेवटचं नेसवताना कनवटीची ती काडी माझ्या हाताला लागली. मी हुंगून बघितली. काडीला कसलाच वास उरला नव्हता. कधीपासून नव्हता, कोण जाणे.