हात वर करा

गजभियेकाका कुणालाही भेटले की नमस्कार करत नाहीत. "हात वर करा," म्हणतात.

एकदा बँकेत त्यांना आमची एक जुनी पेशंट खिडकीपलीकडे दिसली. बाई कॅशियर होत्या. काका काचेसमोर उभे राहिले आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "हात वर करा." बाईंनी केले. रांगेतल्या दोघातिघांनीही केले. बंदूकवाला वॉचमन धावत आत आला, तोवर काका पलीकडे जाऊन बाईंच्या खांद्याला कोन मोजायची प्लॅस्टिकची पट्टी लावून "भलतं चांगलं आहे" असं पुटपुटत होते. बँकेतून फोन आला तो मला. काकांच्या भानगडींचे फोन मलाच येतात, कारण त्यांचे फॉर्म मी भरते.

आमचं काम थोडक्यात सांगते. यवतमाळच्या ज्या हॉस्पिटलात मी नोकरी करते, तिथे खांद्याजवळ हाड मोडलेल्या वयस्क बायामाणसांवर एक अभ्यास चालू होता. काहींचं ऑपरेशन करून प्लेट टाकायची, काहींना नुसती गळ्यात झोळी अडकवून हाड आपोआप जुळू द्यायचं. कोणतं बरं, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून तर अभ्यास. कुणाला काय, हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीनं ठरायचं. पाकिटं नंबरवार, आणि ती त्याच क्रमानं फोडायची. त्यानंतर दोन वर्षं प्रत्येकाच्या मागे फिरून हात कुठवर जातो ते बघायचं. हे फिरणं काकांकडे.

तीस वर्षं प्लॅस्टर रूममध्ये काढलेला माणूस. रिटायर झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना कंत्राटावर परत घेतलं. अंगात कायम तोच खाकी शर्ट, खिशात कोनपट्टी, आणि तोंडात एकच वाक्य, "तोंडाचं नका सांगू, हाताचं सांगा." माणसं सांगताना खोटं बोलतात, याची त्यांना खात्री होती. कुणी सून ऐकतेय म्हणून दुखतंय सांगतं, कुणी डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून दुखत नाही सांगतं. लग्नात अक्षता पडताना काका नवरानवरीकडे बघत नसत. कुणाचा हात खांद्याच्या खालीच राहिला ते बघत.

फॉर्मवरूनही त्यांचं माझं वाजायचं. तो परदेशातून आलेला. त्यात प्रश्न होता, टेनिस खेळता येतं का. काका दारव्ह्याच्या बाजारात एका म्हातारीला "गोफण फिरवता येते का?" असं विचारून आले आणि टेनिसच्या रकान्यात "हो" लिहून मोकळे झाले. मी वैतागले. डॉक्टर मात्र हसले आणि गोफण मंजूर झाली. केस विंचरता येतात का, हा प्रश्नही काकांनी बदलून टाकला होता. ते विचारत, "वेणी घालता येते का?" आणि बाईनं ती समोर घालून दाखवेपर्यंत उठत नसत.

फॉर्मच्या शेवटी एक चौकोन होता, "संपर्क तुटला". काकांनी तो कधी भरू दिला नाही. पेशंट वारली असेल तरी ते घरी जायचेच. वणीला एकीच्या दारात पोचले तेव्हा तेरावं चालू होतं. बाहेर कोळशाचे ट्रक धडधडत होते, आत माणसं जेवत होती. काका ओसरीवर टेकले, चहा घेतला आणि तिच्या लेकीला विचारलं, "जाण्याच्या आधी हात वर होत होता का?" मी असते तर मला हाकललंच असतं. त्या मुलीनं मात्र जरा आठवून सांगितलं, की शेवटच्या दिवशी आईनं फळीवरचा गडू स्वतः काढला होता. काकांनी ते लिहून घेतलं. मग दोघंही रडली म्हणे.

लोक काकांना येडपट म्हणायचे. मीही म्हणायची. ते असे का झाले, ते कळलं आणि मग मला तसं म्हणवेना.

अभ्यास सुरू झाला तेव्हा पाकिटांची पेटी काकांच्याच ताब्यात असायची. सुमनकाकू, म्हणजे त्यांची बायको, न्हाणीघरात घसरून पडल्या आणि उजवा खांदा मोडला. त्यांनी अभ्यासात यायला होकार दिला. काकांनी पुढचं पाकीट काढलं आणि ट्यूबलाइटसमोर धरलं. पाकिटं स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली, पातळ. आतलं अक्षर दिसलं, झोळी. हॉस्पिटलात आयुष्य काढलेल्या माणसाला वाटतं, ऑपरेशन म्हणजे खरा इलाज. काकांनी ते पाकीट मागे सरकवलं आणि काकूंसाठी त्याच्या पुढचं फोडलं. त्यात ऑपरेशन होतं.

जखम चिघळली. काकू दोन महिन्यांत गेल्या.

काकांनी स्वतःहून डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी लिहायचं ते नोंदीत लिहिलं, पेटी काढून घेतली, आणि पुढे चिठ्ठ्या फोनवर दुसऱ्या शहरातून येऊ लागल्या. काकांना मात्र काढलं नाही. खेडोपाडी माणसं शोधणारा दुसरा कुणी नव्हताच. कोणता इलाज सरस ठरतोय, असं हॉस्पिटलातला शिपाईसुद्धा मला विचारायचा. काकांनी एकदाही विचारलं नाही.

मागे सरकवलेलं पाकीट त्याच दिवशी दुसऱ्या बाईला गेलं. फुलसावंगीकडची सोनाबाई, बंजारा, बैलानं ढकलून डावा खांदा मोडलेली. झोळीवर तिचा हात झकास जुळला. तिच्याकडे काका ठरल्यापेक्षा जास्त वेळा जात. ज्या झोळीनं सुमनकाकू वाचल्या असत्या, असं त्यांना वाटे, ती झोळी कुणाच्या तरी कामी आली हे त्यांना डोळ्यांनी बघायचं असणार, असं मी धरून चालले होते.

गेल्या महिन्यात सोनाबाईची शेवटची, दोन वर्षांची तपासणी आली. तिचा फोन बंद. दोन आठवडे लागेना. डॉक्टर म्हणाले, एक राहिली तर राहू द्या. काका दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन माझ्या टेबलाशी उभे. शेवटच्या फॉर्मवर दोघांच्या सह्या लागतात, म्हणून मलाही निघावं लागलं. महागावपर्यंत बस, पुढे जीप. फुलसावंगीत घराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, ती लेकीकडे तांड्यावर गेली, कापूस वेचायला. तिथून आम्ही चालत निघालो. ऊन तापलं होतं आणि काका माझ्या पुढे जवळजवळ धावत होते.

तांड्याच्या तोंडाशीच सोनाबाई दिसली. अंगणात कापूस निवडत बसली होती. तिनं काकांना लांबून ओळखलं, उभी राहिली आणि कुणी न सांगता दोन्ही हात सरळ आभाळाकडे केले. दोन्ही मुठींत कापूस होता. मला हसू आलं. काकांनी पट्टी लावली, आकडा सांगितला, मी लिहिला. तिनं वेणीही घालून दाखवली. काम संपलं होतं. मी कागद आवरायला लागले.

तेव्हा तिनं विचारलं, "भाऊ, वयनी कशी आहे?"

माझा पेन हातातच राहिला. काका म्हणाले, "बरी आहे."

सोनाबाई मला कौतुकानं सांगू लागली. ती आणि सुमनकाकू शेजारशेजारच्या खाटांवर होत्या. तिचा डावा मोडलेला, काकूंचा उजवा. मग तिचा एक हात आणि काकूंचा एक हात, असं मिळून दोघी रोज सकाळी एकमेकींच्या वेण्या घालायच्या. पहिल्या दिवशी नुसता गुंता झाला. नंतर जमलं. नर्सबाया बघायला यायच्या.

"आता तिले वेणी घालता येते का, भाऊ?" तिनं विचारलं.

"येते," काका म्हणाले. "दोन्ही हातानं घालते."

"हात वर होते?"

"पुरा होते."

जो माणूस दोन वर्षं कुणाच्या तोंडावर विश्वास ठेवत नव्हता, तो इतकं सरळ तोंडानं सांगत होता की क्षणभर मलाही खरं वाटलं. सोनाबाईनं समाधानानं मान हलवली आणि आत गेली. मी हळूच म्हटलं, "काका, तिला सांगितलं नाही तुम्ही?"

ते कापसाच्या ढिगाकडे बघत राहिले. "यवतमाळात समद्याइले माहीत आहे, बेटा," ते म्हणाले. "मले पाह्यलं की लोक आवाज बारीक करते. हे एकच घर आहे, जिथं तिले कोणी विचारते."

या माणसाला मी येडपट म्हटलं होतं, याची लाज वाटली.

सोनाबाई बाहेर आली ती हातात गोंडा घेऊन. लाल लोकरीचा, टोकाला कवड्या शिवलेला, वेणीत बांधायचा. वयनीसाठी स्वतः केलाय म्हणाली. "तिले सांगजो, माह्या हातचा आहे. अन् पुढच्या खेपेले तिले संग आणजो."

"आणतो," काका म्हणाले.

पुढची खेप नव्हती. सोनाबाईपुरता अभ्यास संपला होता, फॉर्म माझ्या पिशवीत होता, आणि हे तिथे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. महागावची जीप खचाखच भरलेली होती. मला कशीबशी बसायला जागा मिळाली, काका दारात वाकून उभे राहिले. गोंडा चुरगळेल म्हणून तो त्यांनी खिशात ठेवला नाही की पिशवीत. महागाव येईपर्यंत, सगळ्या माणसांच्या डोक्यांवर, त्यांनी एक हात वर करून तो धरून ठेवला होता.